दंतीच्या मुळाचा माग

तुम्ही फतेहपुरी मशिदीपाशी रिक्षातून उतरता आणि पहिल्या दहा पावलांतच ठसका लागतो. खारी बावलीच्या हवेत सुक्या मिरचीची धूळ कायम तरंगत असते. डोक्यावर पोती घेऊन धावणारे हमाल नाकातोंडाला गमछा गुंडाळून असतात. त्यांची हाळी कानावर आली की तुम्ही आपोआप भिंतीला चिकटता. हळकुंडं, दालचिनी, वेलदोडे, काजूचे ढीग मागे पडतात आणि हळूहळू रंग उतरत जातात. लाल-पिवळ्याच्या जागी करडा आणि तपकिरी रंग येतो. वासही बदलतो, ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा, किंचित कडवट. इथून काष्ठौषधींचे गाळे सुरू होतात. गुळवेल, अश्वगंधा, शतावरी, मंजिष्ठ, ज्येष्ठमध. उघड्या तोंडाची पोती आणि त्यांत खोचलेले नावांचे पुठ्ठे.

तुम्ही दंतीमूळ मागता. गाळ्यावरचा माणूस हातातलं काम थांबवून तुमच्याकडे बघतो. "मूल चाहिए ना? बीज तो नहीं?" तो खात्री करून घेतो, आणि ती करायलाच हवी. उत्तरेत दंतीला जंगली जमालगोटा म्हणतात आणि खरा जमालगोटा, म्हणजे आपला जेपाळ, दोन पोती सोडून ठेवलेला आहे. दोन्ही एरंडाच्या कुळातली, दोन्ही जहाल रेचक. पण झाडं वेगळी, वापरायचा भाग वेगळा, मात्रा वेगळी. पोतं चुकलं की औषध चुकलं, आणि या कुळात चूक महागात पडते.

तो मूठभर मुळं कागदावर टाकतो. बोटाएवढी जाड, वेडीवाकडी, बाहेरून काळपट तपकिरी, अंगावर उभ्या सुरकुत्या. मोडलेल्या टोकाशी आतलं फिकट लाकूड दिसतं. हे झुडूप फार तर माणसाच्या उंचीचं होतं. खालची पानं मोठी आणि कातरलेली, वरची लहान. फळाला तीन कप्पे. हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात ते मिळतं, तसंच आपल्या सह्याद्रीतही मिळतं. म्हणजे तुम्ही दिल्लीत जे विकत घेताय, ते कदाचित तुमच्या आजोळच्या डोंगरातही उभं असेल.

पुडी बांधून घ्या, पण उघडू नका. आता आपल्याला मागे जायचंय, या रस्त्यावरून नव्हे, या शहराच्या काळातून. वाटेत तीन मुक्काम आहेत. प्रत्येक मुक्कामी एकच गोष्ट पाहायची: असं मूळ रोग्याच्या तोंडापर्यंत पोचण्याआधी कुणाकुणाच्या हातांतून जातं, आणि ते हात काय करतात.

*

पहिला मुक्काम जवळचा आहे. १३ फेब्रुवारी १९२१, करोलबाग.

हवेत थंडी आहे, पण ऊन चढलंय. समोर घुमट आणि कमानी असलेली नवी इमारत उभी आहे, आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज. १९१६ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगच्या हस्ते हिची कोनशिला बसली आणि आज उद्घाटनाला महात्मा गांधी आलेत. मधल्या पाच वर्षांत देश किती बदलला, ते एवढ्या एका गोष्टीवरून कळतं. गर्दीत तुमच्या एका बाजूला शेरवानीतले हकीम आहेत, दुसऱ्या बाजूला उपरणं घेतलेले वैद्य. यजमान आहेत हकीम अजमल खान. बल्लीमारानमधल्या शरीफ मंझिलच्या हकिमांचं हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या दिल्लीची नाडी बघत आलंय. १८८३ मध्ये त्यांच्या थोरल्या भावाने काढलेल्या मदरशाचं आज कॉलेज झालंय, आणि एकाच छताखाली आयुर्वेद आणि युनानी शिकवायचं हा आग्रह अजमल खानांचा आहे.

गांधीजी बोलायला उभे राहतात. तुम्हाला वाटतं, आता ॲलोपथीवर झोड उठणार. 'हिंद स्वराज'मध्ये बारा वर्षांपूर्वी त्यांनी डॉक्टरांबद्दल काय लिहिलं होतं, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पण भाषण वेगळ्याच वळणाने जातं. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांमध्ये जी शोधाची तळमळ आहे, तिला ते आदरपूर्वक नमस्कार करतात. आणि मग ज्यांच्यासाठी हा मांडव घातलाय त्याच वैद्य-हकिमांकडे वळून म्हणतात की ही तळमळ तुमच्यात दिसत नाही, जुने पाठ तुम्ही न तपासता पुढे चालवता. मांडवात शांतता पसरते. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क वैद्यांकडे तुमचं लक्ष जातं. ते खाली मान घालून उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळताहेत.

हे भाषण इथे वाया गेलं नाही. अजमल खान १९२७च्या डिसेंबरात गेले, पण जाण्याआधी त्यांनी सलीमुझ्झमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला याच कॉलेजात संशोधनासाठी आणायचं ठरवलं होतं. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून एक अल्कलॉइड वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, त्या विकारात तो पुढे वापरात आला. म्हणजे हकिमाच्या पुडीतलं मूळ प्रयोगशाळेच्या बाटलीत कसं न्यायचं, याची एक वाट करोलबागेत पडली.

तुमच्या खिशातल्या मुळाच्या वाट्याला ती तपासणी आणखी उशिरा आली. तिच्याकडे आपण शेवटी येऊ. त्याआधी ते वैद्य-हकीम जे पाठ पुढे चालवत होते त्यांत नेमकं काय होतं, हे पाहायला हवं. पाठ तपासायचा तर आधी तो पुरता वाचायला हवा.

*

दुसरा मुक्काम. मे १७३९. आकाश पांढरं झालंय, यमुनेवरून येणारा वाराही भाजतोय.

चांदणी चौकातून चालताना पायाखाली राख लागते. नादिरशहाच्या हुकमावरून मार्चमध्ये झालेल्या कत्तलीला दोन महिने होत आलेत. रोशन-उद्-दौलाच्या सोनेरी मशिदीत बसून त्याने ती पाहिली होती. ज्यांची दुकानं वाचलीत त्यांनी अर्ध्याच फळ्या उघडल्यात. किल्ल्याच्या दिशेने उंटांच्या रांगा लागल्यात. मयूरासन, कोहिनूर, पिढ्यांचा खजिना, सगळं बांधून इराणला चाललंय. याच मे महिन्यात तिकडे कोकणात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतलाय. इथे दिल्लीला ती बातमी पोचायला अजून अवकाश आहे.

लुटीत एक माणूसही आहे. मोगल बादशहा मुहम्मदशहाचा मुख्य हकीम, अलवी खान. शिराजचा मिर्झा मुहम्मद हाशिम, औरंगजेबाच्या अखेरच्या काळात हिंदुस्थानात आला आणि आता सत्तरीला टेकलाय. मुहम्मदशहाने एकदा त्याची चांदीने तुला केली होती. नादिरशहाला जलोदर आहे, अंगावर पाणी चढतंय, म्हणून तो या म्हाताऱ्याला सोबत नेतोय. हकिमाने अट घातली आहे: गुण आला की मला हजला जाऊ द्यायचं.

पुढे जे घडलं ते या प्रवासात सोबत असलेल्या अब्दुल करीम नावाच्या काश्मिरी माणसाने लिहून ठेवलंय. अलवी खानाचे उपचार चालू असेतो नादिरशहाचा पारा उतरलेला असे, आणि हकीम त्याला त्याच्या क्रूरपणाबद्दल तोंडावर बोलायलाही कचरत नसे. ज्या माणसाच्या एका खुणेने एक शहर कापलं गेलं, त्याला नाडी धरून सुनावणारा माणूस हा. शब्द पाळला गेला. हकीम हजला गेला आणि दिल्लीला परतला. त्याच्या मागे नादिरशहाचा आजार आणि कोप दोन्ही परत चढले. १७४७ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याला ठार केलं.

अलवी खानाने नादिरशहाला नेमकं कोणतं औषध दिलं, त्याच्या मागे आपण जायचं नाही. पण जलोदराला रेचक देण्याची चाल हकीम आणि वैद्य दोघांचीही आहे. तेव्हा फळी अर्धवट उघडलेल्या एका दुकानात शिरा. औषधं कुटून देणाऱ्यालाही दिल्लीत अत्तारच म्हणतात. हा अत्तार मांडी घालून बसलाय आणि त्याच्यापुढे तुर्बुद आहे, म्हणजे आपलं निशोत्तर. दंतीपेक्षा खूपच सौम्य, तरी रेचकच. बघा तो काय करतो. आधी मूळ पोकळ आहे ना ते पाहतो. आतला लाकडी गाभा काढून टाकलेलाच माल त्याला चालतो. मग पातळ सुरीने वरची साल खरवडतो. मग कुटतो, वस्त्रगाळ करतो, आणि शेवटी त्या पांढुरक्या भुकटीत बदामाचं तेल घालून तळव्याने मळतो, कणन्‌कण माखेपर्यंत. का, म्हणून विचारलंत तर तो सांगेल की कोरडी भुकटी आतड्याला ओरबाडते.

शेजारी त्याचा मुलगा जेपाळ निवडतोय. टरफल फोडायचं, बीचे दोन भाग करायचे आणि मधोमध असलेली कोंबाची इवली जीभ नखाने काढून टाकायची. ती राहिली तर पोटात आग पडते असं ते मानतात. मग दलांची पुरचुंडी बांधून उकळत्या दुधात लोंबकळत ठेवायची. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याच्या हातून एका बीची जीभ काढायची राहून जाते. बापाच्या नजरेला ते लगेच दिसतं. तो काही बोलत नाही; सगळा ढीग परत मुलापुढे सारतो.

एवढं करूनही हकीम पहिल्या दिवशी रेचक देत नाही. आधी काही दिवस मुंजिज, म्हणजे शरीरातला दोष पिकवून सुटा करणारा काढा. मग मुसहिल, म्हणजे रेचक. आणि मग तबरीद, म्हणजे थंडावा देऊन शांत करणं. तीन पायऱ्या, त्यांतली एकही गाळायची नाही. ज्या शहरात दोन महिन्यांपूर्वी माणसाच्या जिवाला किंमत उरली नव्हती, त्या शहरात एक अत्तार एका अनोळखी रोग्याच्या आतड्याला ओरखडा पडू नये म्हणून तळहाताने तेल चोळत बसलाय. माझ्या मते त्या उंटांवरच्या खजिन्याहून या दुकानातली चीज मोलाची आहे, आणि ती नादिरशहाला नेता आली नाही.

*

तिसऱ्या मुक्कामाला पाऊल जपून टाका. हा लांबचा आहे. गुप्तांचा काळ, सुमारे चौथं-पाचवं शतक. तुमच्या पायाखालचं टेकाड म्हणजे उद्याचा पुराना किल्ला. तिथे पुढे पुरातत्त्ववाल्यांना मौर्यांपासून मोगलांपर्यंत एकावर एक वस्त्यांचे थर मिळणार आहेत. त्यांतल्याच एका थरावर तुम्ही उभे आहात. यमुना खालून वाहतेय. मेहरौलीचा लोहस्तंभ अजून इथे आलेला नाही. भाजक्या विटांची घरं, मागे गोठा, आणि एका अंगणात धूर.

हे वैद्याचं अंगण. चरकसंहितेतले हरवलेले किंवा अपुरे राहिलेले भाग याच काळात दृढबल नावाचा पंडित पुरे करतोय. असे ४१ अध्याय त्याचे. त्यांतल्या कल्पस्थानात वांती आणि रेचकाचे मिळून ६०० योग, म्हणजे औषधाच्या कृती, आहेत. रेचकाचे २४५, आणि त्यांपैकी ४८ दंती आणि तिची बहीण द्रवंती यांचे. दृढबल या गावचा नाही, पण हे पाठ हातोहात, तोंडोतोंड सगळीकडे फिरतात. या अंगणात ते जगले जातात.

वैद्य तुमच्याकडची पुडी मागतो. मुळं उन्हात धरून बघतो. चांगलं मूळ हत्तीच्या सुळ्यासारखं भरीव, टणक आणि काळसर हवं, असा पाठ आहे. दोन तुकडे तो बाजूला काढतो. एक कीड लागलेला, दुसरा भलत्याच झाडाचा. दीड हजाराहून अधिक वर्षांनंतरच्या गाळ्यावरची भेसळ त्याच्या बोटांना कळलेली आहे.

मग काम सुरू होतं. पिंपळी पाट्यावर वाटली जाते, तीत मध मिसळला जातो, आणि हा लेप प्रत्येक मुळाला लावला जातो. त्यावर दर्भ गुंडाळायचा, घट्ट. त्यावर ओल्या मातीचं जाड लिंपण. शिष्य ही मातीची मुटकुळी वाफेवर ठेवतो आणि धूर डोळ्यांत जात असतानाही हलत नाही. मातीला तडे गेले तर नवी माती थापतो. बऱ्याच वेळाने माती फोडून मुळं बाहेर निघतात, दर्भाच्या खुणा अंगावर घेऊन, गडद आणि चिकट. मग ती सुपात घालून उन्हात ठेवतात. वैद्य सांगतो की दंती तीक्ष्ण आहे, उष्ण आहे, अंगात झपाट्याने पसरते आणि सांध्यांचे बंध सैल करते. हा शेवटचा गुण मारक आहे. तो अग्नीने आणि सूर्याने जातो. म्हणून आधी वाफ, मग ऊन. दोन्हींतलं एक चुकलं तर ते मूळ तो वापरत नाही.

आता रोगी बघा. ओसरीवर टेकून बसलाय तो कुंभार. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, पाय सुजलेले, श्वास लागतोय. तुम्हाला वाटेल, आता लगेच औषध. नाही. वैद्य आधी नकाराचे प्रश्न विचारतो. अशक्त आहे का? ताप आहे का? गुदद्वाराला जखम आहे का? गर्भिणी असती, लहान मूल असतं, फार म्हातारा असता, तर हे मूळ हातातही घेतलं नसतं. साध्या कोठ्याचं निशोत्तरावर भागत असेल तर निशोत्तरच द्यायचं. सुखाने होणाऱ्या विरेचनात तेच श्रेष्ठ मानलंय. नाजूक माणसाला बहाव्याचा गर. दंती आणि निवडुंगाचा चीक ही शेवटची शस्त्रं.

या कुंभाराला दंती द्यायचं ठरतं, तरी आणखी काही दिवस जातात. रोज चढत्या मात्रेने तूप पाजायचं, कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सात दिवस. मग अंगाला तेल आणि शेक. मग सकाळची कफाची वेळ टळल्यावर औषध. कसं द्यायचं, याच्याही कितीतरी तऱ्हा पाठात आहेत. दह्यातून, ताकातून, आसवातून. त्यांतली एक तुमच्या माझ्या मुलखातल्या माणसाला लगेच आवडेल अशी: ऊस उभा चिरायचा, आत दंतीचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, लावायचा, वाफवायचा आणि तो ऊस चावून खायचा. कडूजहाल मूळ उसाच्या रसातून पोटात जातं.

पुढचा दिवसभर वैद्य घरातून बाहेर पडत नाही. शिष्य भिंतीवर कोळशाने रेघा ओढतोय, प्रत्येक वेगाला, म्हणजे जुलाबाला, एक. दहापर्यंत शुद्धी हलकी, वीसपर्यंत मध्यम, तीसपर्यंत उत्तम. रेघांपेक्षा शेवटी काय पडतं याकडे वैद्याचं लक्ष जास्त. कफ दिसला की पुरे. त्यापुढे गेलं, रक्त आलं, तहान लागली, डोळे फिरले, तर ते संकट. या संकटांसाठी त्याच संहितेच्या सिद्धिस्थानात वेगळा अध्याय आहे. एखाद्या औषधाने काय बिघडू शकतं आणि बिघडल्यावर काय करायचं, हे त्या औषधाइतक्याच तपशिलाने लिहिलेलं आहे. मला या ग्रंथाबद्दल सर्वांत जास्त आदर कशाचा वाटत असेल तर याचा.

दुपार कलते. रेघा थांबतात. कुंभाराच्या चेहऱ्यावर थकवा आहे, पण श्वास खालपर्यंत जातोय. आता त्याची बायको आत चूल पेटवते आणि त्याला पहिलं अन्न मिळतं, पेज. पातळ, कोमट, थोडीशी. पुढच्या जेवणांना जरा दाट, मग मुगाचं कढण, मग मीठ-तुपाचं कढण. सात दिवस असं चढत चढत नेहमीच्या जेवणावर यायचं. भूक ही विझत आलेली आग आहे, तिच्यावर एकदम ओंडका टाकायचा नाही.

जरा थांबा आणि पूर्वेकडे बघा. हिमालयापलीकडे, चीनमध्ये, इ. स. २००च्या सुमारास झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने एक योग लिहून ठेवला आहे. त्यात गानसुई आहे. तेही एक मूळ, तेही दंतीसारखं एरंडाच्याच कुळातलं, आणि तेही छाती-पोटात साठलेल्या पाण्यावरच. जोडीला दाजी हे त्याच्याच कुळातलं दुसरं मूळ आणि युआनहुआ नावाची फुलं, तिन्ही समभाग. चीनच्या जुन्या औषधिग्रंथात गानसुईची जागा विषारी औषधांच्या खालच्या वर्गात आहे. पुढे ज्येष्ठमधासोबत ते देऊ नये असा दंडकही तिथे रूढ झाला, आणि आजही तिथे ते व्हिनेगरमध्ये शिजवून मगच वापरतात. पण झांगचा योग नीट वाचा. दहा चिनी बोरं उकळायची आणि त्या काढ्यातून ही भुकटी द्यायची, पोटाला आणि ताकदीला सांभाळून घ्यायला. पहाटे द्यायची. धडधाकट माणसाला जेवढी, त्याच्या निम्मी अशक्ताला. आणि जुलाब झाले की रोग्याला पेज द्यायची.

या दोन वैद्यांची कधी भेट नाही. एकाच्या हाती दंती, दुसऱ्याच्या हाती गानसुई. एकाने मध-पिंपळी-दर्भ घेतला, दुसऱ्याने बोरं. दोघेही औषधाची वेळ ठरवतात, दोघेही रोग्याची ताकद मोजतात, दोघेही शेवटी पेजेपाशी थांबतात. विषारी मूळ माणसाच्या अंगात उतरवायचं तर त्याच्याभोवती किती मोठं कुंपण घालावं लागतं, हे दोन्हीकडच्या लोकांना रोगी गमावून कळलं असणार. ते कुंपण म्हणजेच औषध. मूळ त्यातला सर्वांत छोटा भाग.

*

आता एका उडीत पुढे या. आजचा दिवस, पण खारी बावली नाही. यमुना ओलांडून गाझियाबादला, कमला नेहरू नगरमध्ये. भारतीय औषधकोश ठरवणारी सरकारी प्रयोगशाळा १९७० सालापासून इथे आहे. पांढरा कोट घातलेली एक मुलगी मुळाचा केसाएवढा पातळ काप काचेवर ठेवते आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते. पेशींची रचना, स्फटिक, पिष्टकण. पुराना किल्ल्याच्या अंगणातला वैद्य बोटाने जे करत होता ते ती भिंगाने करतेय. मग राखेचं प्रमाण, मग अल्कोहोलमध्ये किती अंश उतरतो ते, मग पातळ थरावर रसायनांचे पट्टे. प्रत्येक पट्ट्याची जागा ठरलेली. गांधीजींनी मागितलेली तळमळ या खोलीत रोजचं काम होऊन बसली आहे.

त्या पट्ट्यांमागे काय आहे? जेपाळाच्या तेलात फॉर्बॉल वर्गाची रसायनं असतात, दंतीच्या मुळातही त्याच घराण्यातली असतात. त्वचेला लागली तर फोड आणतात, आतड्याच्या अस्तराला लागली तर ते पाणी सोडू लागतं. जेपाळाचं तेल उंदराच्या त्वचेवर आधीच सुरू झालेल्या कर्करोगाच्या वाढीला चालना देतं, हे विसाव्या शतकात दाखवलं गेलं. आणि १९७०च्या दशकात दंतीतून वेगळी काढलेली याच वर्गातली रसायनं प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाविरुद्ध काम करताना दिसली. एकाच कुळाच्या दोन्ही बाजू रसायनशास्त्रालाही दिसल्या. म्हणून या मुळाला साधं समजण्याचा हक्क आज कुणालाच उरलेला नाही, ना 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' म्हणणाऱ्याला, ना 'सगळं थोतांड' म्हणणाऱ्याला.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९४०च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखालच्या नियमांत अनुसूची ई(१) आहे, आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या विषारी द्रव्यांची यादी. बचनाग, धोत्रा, बिब्बा, कुचला, गुंज, जेपाळ. त्याच यादीत दंती. यांपैकी काहीही असलेलं पोटात घ्यायचं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना वेष्टनावर इंग्रजीत आणि हिंदीत छापणं बंधनकारक आहे.

आता घरच्या कपाटाकडे वळा. अभयारिष्टाची बाटली बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी आलेली असते. मूळव्याध, बद्धकोष्ठ, आजी-आजोबांचं पोट. त्याच्या पाठात हिरडा आणि मनुका आहेत, तसंच निशोत्तर आणि दंतीही आहे. चंद्रप्रभेत दंती आहे, पुनर्नवा मंडुरात दंती आहे. योग्य प्रमाणात, शास्त्राप्रमाणे तयार झालेली ही औषधं भिण्यासारखी नाहीत. पिढ्यांचा अनुभव त्यांच्या मागे आहे. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सूचना बाटलीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत, तीही मराठीत नाही. नुसतं दंतीमूळ, नुसता जेपाळ बाजारात मोकळा मिळतो. पोट साफ करा, वजन घटवा, शरीरातली घाण काढा, असं सांगणारे मोबाइलवर हवे तेवढे आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणी तुमची नाडी बघत नाही, रेघा मोजत नाही, पेज शिजवत नाही. जहाल जुलाबाने अंगातलं पाणी आणि पोटॅशियम गेलं की हृदयाची लय बिघडू शकते. म्हाताऱ्या माणसाला, पोटुशी बाईला, लहान मुलाला तो जुलाब जिवावर बेतू शकतो.

शरद ऋतूत विरेचन करून घ्यायची पद्धत आपल्याकडे पुण्यापासून गावखेड्यापर्यंत आजही आहे. चांगला वैद्य आजही आधी तूप पाजतो, वेग मोजायला माणूस बसवतो, पेजेपासून नेहमीच्या जेवणावर येण्याचा तक्ता हातात देतो. अशा वैद्याकडे जा. त्याला विचारा की औषधात दंती आहे का, जेपाळ आहे का, आणि असेल तर त्याचं शोधन, म्हणजे शुद्धी, कशी केली. खऱ्या वैद्याला या प्रश्नाचा राग येत नाही. जो तूप आणि पेज गाळून फक्त गोळी हातावर ठेवतो, त्याची गोळी परत करा. आणि औषधकंपन्यांकडे एक मागणी सगळ्यांनी मिळून करायला हवी: महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ती एक ओळ मराठीत, ठळक आणि पुढच्या बाजूला छापा.

खिशातली पुडी या प्रयोगशाळेतच ठेवून या. भिंगाखाली तिचा उपयोग आहे, तुमच्या स्वयंपाकघरात नाही. अत्ताराचा तळहात, शिष्याने थापलेली माती, भिंतीवरच्या रेघा आणि कुंभाराच्या बायकोने शिजवलेली पेज, एवढं सगळं ज्याच्या सोबत येत नाही ते दंतीमूळ म्हणजे निव्वळ विष, आणि ते तसंच मानून वागावं.